तोंड बांधलेला तिसरा मुलगा

पुरवणी जबाब
दि. १०/०२/२०२६, सकाळी ११.२० वा.

मी छबूबाई रावसाहेब येळवंडे, वय ५७ वर्षे, धंदा शाळेत पोषण आहार शिजवणे, राहणार निंबळवाडी, सोनईजवळ, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. आज मला कोणी बोलावलेले नसताना पोलीस स्टेशनला येऊन, समोर बसून, माझ्या तोंडाने सांगते ते असे की,

शाळेत पार्थ या दहावीच्या मुलावर झालेल्या हल्ल्याबाबत माझा पहिला जबाब दि. ०३/०२/२०२६ रोजी शाळेच्या ऑफिसात घेतला होता. त्यात मी, तिसऱ्या मुलाचे तोंड बांधलेले असल्याने तो ओळखू आला नाही, असे सांगितले होते. ते खरे नाही. तो माझ्या मुलीचा मुलगा ओम आहे. त्याचे वय १६ वर्षे ४ महिने आहे. हे वय अंदाजे नाही. तो जन्मला तेव्हा मी तिथे होते.

माझे पती हयात नाहीत. मुलगी रुपाली रांजणगावला कंपनीत कामाला असून पंधरा दिवसांतून एकदा येते. ओम दीड वर्षाचा असताना त्याचे वडील दोघांना सोडून गेले, ते सध्या कोठे असतात माहीत नाही. तेव्हापासून ओम माझ्याजवळ आहे. मी ज्या शाळेत स्वयंपाक करते त्याच शाळेत तो नववीपर्यंत होता. मागील वर्षी वर्गात मारामारी झाली म्हणून त्याला पालक घेऊन ये असे सांगितले होते. रुपालीला सुट्टी मिळाली नाही. मी म्हणाले, मी येते, मी तर तिथेच असते. ओम म्हणाला, "तू नको येऊ. पोरं म्हनत्यात, खिचडीवालीचा." मी गेले नाही. तोही पुन्हा गेला नाही. मी मात्र रोज सकाळी साडेनऊला त्याच्या समोरून शाळेत जात होते व तो खाटेवर मोबाईल बघत पडलेला असे.

विचारल्यावरून सांगते की, सोनई रस्त्याला हनुमंत नावाच्या इसमाचे गाड्या धुण्याचे सेंटर आहे. त्याचे वय अंदाजे २५, आडनाव मला माहीत नाही. मुले त्याला भाऊ म्हणतात. ओम शाळा सुटल्यापासून तिथे जाऊ लागला. सुरुवातीला गाड्या धूत असे. नंतर नुसताच बसत असे. मी बोलले, तर म्हणायचा, "भाऊ मला नावानं हाक मारत्यात." त्यात एवढे काय आहे ते मला तेव्हा समजले नाही.

दिवाळीनंतर ओमची गादी उन्हात टाकताना खाली नवा कोयता मिळाला. मुठीला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आमच्याकडे ऊस नाही, एक शेळी आहे. ओम म्हणाला, "मित्राचा हाय, ठिव तिथंच." माझा विळा बोथट झाला होता, म्हणून मी त्या कोयत्याने दोन दिवस शेळीला घास कापला, मग धुऊन, पुसून परत गादीखाली ठेवला. धार चांगली होती. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमागे मिळालेला कोयता आज मला दाखविला. तो तोच आहे.

भांडणाचे कारण ओमने मला नंतर सांगितले ते असे. दि. २५ जानेवारीला हनुमंतचा वाढदिवस झाला. गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून कोयत्याने कापला. ओमने त्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. त्याखाली पार्थने लिहिले, "आधी दहावी पास व्हा, मग भाईगिरी करा." पार्थ व ओम पाचवीपासून एका बाकावर बसत. पार्थने ते गमतीने लिहिले असावे. पण त्याला पुष्कळ मुले हसली. हनुमंत ओमला सर्वांसमोर म्हणाला, "तुझ्यामुळं माझी इज्जत गेली. आता तूच आन ती माघारी." त्यानंतर आठ दिवस ओम नीट जेवला नाही. मला वाटले, पोट बिघडले असेल. मी त्याला ताक दिले.

दि. ०३ रोजी मंगळवार होता. माझ्याबरोबर स्वयंपाकाला मालनबाई असतात. त्या माझ्या घरापासून चार घरे सोडून राहतात. त्या दिवशी त्या केवायसीसाठी बँकेत गेल्या होत्या, त्यामुळे मी एकटी होते. भात व मटकीची आमटी केली होती. १.१० वाजता मधली सुट्टी झाली. पाचवी ते आठवीची मुले पटांगणात ताटे घेऊन बसली. दहावीला आहार नसतो, पण पार्थ लहान असल्यापासून पातेल्याच्या बुडाची खरवड खायला येत असे व दहावीत गेला तरी यायचा. त्या दिवशीही तो दारात येऊन म्हणाला, "मावशी, ठिवली का?" मी म्हणाले, "ठिवली. आधी हात धू." म्हणून तो शेडमागे टाकीच्या नळावर गेला. तो माझ्या सांगण्यावरून तिकडे गेला, हे पहिल्या जबाबात नाही. ते लिहावे.

मी आमटी वाढायच्या बादलीत ओतली. ती उचलली तेवढ्यात मागून धपकन आवाज आला व कोणीतरी "नको, नको" म्हणाले. मी बादलीसह मागच्या दारात गेले. आवाराची भिंत पडलेली आहे तिथून तीन मुले आत आली होती. दोघांची तोंडे उघडी होती. ते दोघे त्याच दिवशी पकडले गेले आहेत. पार्थ नळाखाली गुडघ्यावर होता. दोघांपैकी उंच मुलगा त्याच्या पोटात लाथा मारत होता व दुसऱ्याने त्याचे केस धरून मान वर केली होती. उंच मुलगा म्हणत होता, "लिव्ह ना आता. लिव्ह कमेंट." पार्थ म्हणाला, "डिलिट करतो रे. आत्ता करतो." त्याने खिशातून मोबाईल काढायला हात घातला. मोबाईल शाळेत आणायला बंदी आहे, तो त्याच्याकडे नव्हता. तरी तो खिसा चाचपत होता.

तोंडाला काळा रुमाल बांधलेला ओम समोर उभा होता. त्याने कोयता वर केला. पार्थने डावा हात आडवा धरला. पहिला वार त्या हातावर बसला. दोन बोटे नळाच्या ओट्यावर पडली. दुसरा वार खांद्यावर बसला. मी ओरडत होते असे मला वाटत होते, पण पटांगणातल्या मुलांना काही ऐकू आले नाही असे नंतर समजले, म्हणजे माझा आवाज निघाला नसावा. तिसरा वार डोक्यावर बसला. तिन्ही वार ओमने केले. बाकी दोघांनी वार केला नाही.

तो चौथ्यांदा हात वर करत असताना मी बादली त्याच्या अंगावर फेकली. आमटी नुकतीच गॅसवरून उतरलेली होती. ती त्याच्या मानेवर, डाव्या खांद्यावर व पाठीवर पडली. तो ओरडला, "आज्जे!"

मारणारा कोण आहे ते मला त्या वेळी समजले. त्याआधी समजले होते का, असे हा जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारले. शर्ट मी आदल्या दिवशी धुतला होता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

कोयता त्याच्या हातून पडला. दोघांनी त्याला ओढून भिंतीपलीकडे नेले. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी आधी पळणाऱ्याकडे पाहिले, पडलेल्याकडे नंतर. मध्ये किती वेळ गेला ते माहीत नाही. मग मी पार्थचे डोके मांडीवर घेतले व पदर दाबून धरला. रक्त कोपरापर्यंत आले. आमटी मिळाली नाही म्हणून दोन लहान मुली ताटे घेऊन मागे आल्या होत्या, त्यांना मी हाकलले. पार्थ शुद्धीवर होता. तो म्हणाला, "मावशी, दोनला सराव पेपर हाय." मी म्हणाले, "व्हय, जाशील." मुख्याध्यापकांच्या गाडीतून त्याला आधी सोनईला व तिथून नगरला नेले.

त्याच सायंकाळी जबाब घेताना साहेबांनी विचारले, "तिसरा कोण?" मी म्हणाले, "त्याचं तोंड बांधलेलं हुतं." घरी कोण असते, असे विचारल्यावर मी म्हणाले, "एकटीच. नातू आईकडं रांजणगावला गेलाय, आठ दिवस झाले." हे मला कोणी शिकवले नव्हते.

मी साडेसहाला घरी आले. ओम आतल्या खोलीत पालथा पडला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. मी कात्रीने कापून काढला. कातडी त्याच्याबरोबर आली.  कोरफडीचा गर लावला. शर्ट व काळा रुमाल मी चुलीत घातला. याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मालनबाईंचा मुलगा ऋतुराज, वय १७, याला ताब्यात घेतले. दुकानाच्या कॅमेऱ्यात आलेली मोटारसायकल त्याच्या वडिलांची होती व वाढदिवसाच्या व्हिडिओत तोही दिसत होता. गाडी ओम मागून घेऊन गेला, असे ऋतुराजने सांगितले. ते खरे आहे. त्यावरून दोन पोलीस माझ्याकडे आले. मी दारात उभी राहून सांगितले की ओम रांजणगावला आहे, पाहायचे तर आत पाहा. ते म्हणाले, "मावशी, तुमीच तर त्या पोराला वाचवायला गेल्त्या, तुमच्यावर काय संशय घ्यायचा." ते ओट्यावरून परत गेले. ओम दाराच्या मागे उभा होता. ऋतुराजला नगरच्या निरीक्षणगृहात पाठविले. पकडलेल्या दोघांनी तिसऱ्याचे नाव ऋतुराज असेच सांगितले, असे मालनबाईंकडून कळले. तसे सांगायला त्यांना हनुमंतने आधीच बजावले होते. हे मला ओमने सांगितले.

दि. ०५ रोजी सकाळी दहाला हनुमंत माझ्या घरी आला. माझ्या पाया पडला. केळी व भाजल्यावर लावायची ट्यूब घेऊन आला होता. मी चहा ठेवत असताना तो आत ओमला म्हणाला ते मी ऐकले. "भ्यायचं न्हाई. तू अठराच्या आतला. सापडला तरी दोन-चार म्हैन्यात भायेर. उद्या सगळी तुला भाऊ म्हनतील." ओम म्हणाला, "भाऊ, लई आग हुतीय." हनुमंत म्हणाला, "हुतीच." जाताना मला म्हणाला, "आज्जी, तुमी काय पायलं न्हाई, ते लई बरं झालं. शाळंत सैपाकाला कवा कवा एकट्याच असता ना तुमी?" चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला व गेला. कोयता त्यानेच ओमला दिला होता. दि. ०३ रोजी शाळेच्या फाटकापासून थोडे पुढे तो गाडी चालू ठेवून उभा होता, असेही ओमने मला सांगितले.

शुक्रवारी दि. ०६ रोजी पहाटे पार्थ वारल्याचे गावात कळले. मी ओमला सांगितले. तो म्हणाला, "माझं नाव आलं का कुठं?" त्याने ते भीतीने विचारले की कसे, हे मला सांगता येणार नाही. मी त्याचे तोंड पाहिले नाही. तो पालथा होता.

शनिवारी पार्थची माती झाल्यावर तीस-चाळीस लोक थेट मालनबाईंच्या घरावर आले. त्यात बायकाही होत्या. पत्रे दगडांनी वाजत होते. मालनबाईंच्या नवऱ्याला बाहेर ओढून लाकडाने मारले, त्यांचा उजवा हात मोडला. मालनबाईंना केस धरून ओट्यावरून खाली घेतले. त्या ओरडत होत्या, "माझा ऋतू त्यात न्हवता हो! कुनी तरी सांगा!" एका दगडाने त्यांचे कपाळ फुटले. मी माझ्या अंगणात उभी होते. चार घरांचे अंतर आहे. मी गेले नाही. आतून ओम म्हणाला, "आज्जे, दार लाव." मी लावले.

शाळा चार दिवस बंद होती व सोमवारी दि. ०९ रोजी सुरू झाली. मला वाटले मालनबाई येणार नाहीत. त्या माझ्या आधी येऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. कपाळाला सात टाके होते.  नळाचा ओटा धुतलेला होता, तरी आम्ही दोघी पाणी पुढच्या हापशावरून आणत होतो. भाताला उकळी आल्यावर मालनबाई म्हणाल्या, "छबूबाई, तुमी तिथं हुत्या. माझा ऋतू त्यात हुता का, एवढंच सांगा. हुता म्हनलात तरी ऐकून घीन. रातीला मला वाटतं, आपल्याला काय म्हाईत, आसंल बी. मी माझ्या लेकरावर संशय घ्यायला लागलीय वो."

मी म्हणाले, "न्हवता."

"मग कोन हुता?"

मी म्हणाले, "माझा ओम."

त्यांच्या हातात आमटी ढवळायचा पळा होता. त्यांनी तो माझ्या दंडावर व पाठीवर मारला. किती वेळा ते मोजले नाही. त्याबाबत माझी काही तक्रार नाही. मग त्या खाली बसल्या व म्हणाल्या, "सहा दिवस माझ्या घरावरनं जात हुत्या तुमी. सहा दिवस." मी हो म्हणाले. बाहेर घंटा झाली. मालनबाई उठल्या, गॅस बंद केला व म्हणाल्या, "पोरं बसली. वाढून घेऊ. मग काय करायचं ते तुमी करा." आम्ही एकशे बेचाळीस मुलांना वाढले.

दुपारी तीनला घरी येऊन मी ओमला सांगितले की उद्या आपण पोलीस स्टेशनला जायचे. तो उठला. म्हणाला, "तुला येड लागलंय. ऋतू सुटंल तसाबी." मी म्हणाले, "मी मालनला सांगून आलीय." तेव्हा त्याने मला दोन्ही हातांनी भिंतीवर ढकलले. मी पडले. त्याने मला तोंडावर लाथ मारली. माझा पुढचा दात पडला आहे व ओठ आतून फाटला आहे. मॅडमनी दवाखान्यात तपासणीसाठी पोलिसांची चिठ्ठी दिली, जबाब झाल्यावर जाईन. मी उठून दारात बसले. तो म्हणाला, "सरक." मी सरकले नाही. त्याने कोपऱ्यातील विळा उचलला. मी म्हणाले, "हान. आता तुला येतं ते." तो तसाच उभा राहिला. हात वर केल्याने त्याच्या खांद्यावरचे फोड फुटून पाणी पाठीवरून वाहत होते. थोड्या वेळाने विळा टाकून तो खाली बसला व म्हणाला, "आज्जे, त्यानं डिलिट करतो म्हनलं हुतं. मी ऐकलं हुतं." हे त्याने तीन-चार वेळा म्हटले. त्यानंतर तो पळून गेला नाही. दार उघडेच होते.

आज सकाळी रुपाली रांजणगावहून आली. मी तिला फोनवर सर्व सांगितले होते.  तिने ओमला कोमट पाण्याने पुसले, केस विंचरले, पिशवीत दोन सैल शर्ट व ब्रश घातला. मग मला म्हणाली, "मी यायची न्हाई तिथं. तू वाढवलंस, तूच घिऊन जा." माझा भाऊ आप्पासाहेब याने आम्हा दोघांना टेम्पोतून येथे आणले.  हनुमंतच्या सेंटरवरून गाडी गेली तेव्हा ओम खाली वाकून बसला. ओम सध्या शेजारच्या खोलीत बालकांचे काम पाहणाऱ्या मॅडमसमोर आहे.

विचारल्यावरून सांगते की, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हनुमंतपासून मला व ओमला धोका आहे. ऋतुराज त्या वेळी शाळेच्या आवारात नव्हता, हे मी नगरला बाल न्याय मंडळासमोर व जिथे बोलवाल तिथे सांगेन. येत्या रविवारी पार्थचा दहावा आहे. त्याच्या आईला अजून कोणी खरे सांगितलेले नाही. ते कोणी सांगायचे, असे मी मॅडमना विचारले. ते मीच सांगेन असे ठरविले आहे.

हे सर्व मी बोलले तसे मॅडमनी लिहून घेतले व मला मोठ्याने वाचून दाखविले. वाचताना, कोयता वर केला त्या ठिकाणी "सदर अनोळखी बालक" असे आले. ते मी थांबवून, तेथे ओमचे नाव लिहा, असे सांगितले. तशी दुरुस्ती करून बाजूला माझी सही घेतली आहे. बाकी बरोबर आहे.

सही
छबूबाई रावसाहेब येळवंडे